उप्पगे पिकेपर्यंत थांबायचं कसं: सिंहपुच्छ माकडाचं जंगल राखू पाहणाऱ्या गावांसाठी

आषाढात कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात उप्पगे धरते. उप्पगे म्हणजे आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी याच झाडाची. फळ छोट्या भोपळ्यासारखं, खाचाखाचांचं; कच्चं असताना हिरवं, पिकलं की पिवळं. शिरसी, सिद्दापूर, होन्नावर, कुमटा या तालुक्यांत पावसाळ्यातले हातखर्चाचे पैसे अनेक घरांना या फळाच्या वाळलेल्या सालीतून मिळतात. आणि त्याच आठवड्यांत त्याच झाडावर सिंहपुच्छ माकडाची टोळी येते.

अडचण अशी की माणूस फळ पिकायची वाट बघत नाही. आपण थांबलो तर शेजारचा तोडून नेणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. मग हिरवीच फळं उतरवली जातात, कधी फांदीसकट. माकडाचं पावसाळ्यातलं खाणं जातं, साल हलकी निघते आणि पुढच्या वर्षी त्या फांदीला फळच येत नाही. जंगलात कुणी कुऱ्हाड घेऊन शिरलं तर गाव आडवं येतं. याच शिरसी तालुक्यातल्या सळकणीच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती. अप्पिको चळवळ तिथूनच सुरू झाली. पण एकेक फळ करून जंगल रिकामं होतं तेव्हा मिठी कशाला मारायची, हे कुणालाच कळत नाही.

म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जागा एका साध्या गोष्टीला दिली आहे: गावाने मिळून तोडणीची तारीख ठरवणं. बाकीच्या पायऱ्या तिच्या आगेमागे येतात. हा लेख सिंहपुच्छ माकडाच्या मुलखाबद्दल आहे. पण गावाच्या ताब्यातलं जंगल, गौण वनउपज (लाकूड सोडून रानातून मिळणारं फळ, मध, वेत वगैरे) आणि एखादा दुर्मीळ प्राणी जिथे एकत्र येतात, तिथे यातलं बरंचसं तसंच्या तसं वापरता येईल.

आधी माकड नीट ओळखा

सिंहपुच्छ माकड जगात फक्त सह्याद्रीत आहे, तेही केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या वर्षावनांत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते नाही. कानडीत त्याला सिंगळीक म्हणतात. अंग काळंभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. रानात उरलेली एकूण संख्या सुमारे ४,००० धरली जाते. त्यांची सर्वांत उत्तरेकडची मोठी वस्ती उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-होन्नावरच्या डोंगरांत आहे. तिथे अभ्यासकांना ३२ टोळ्यांत ६३८ माकडं मिळाली होती. म्हणजे टोळीमागे साधारण वीस.

गावाच्या नियोजनाला या प्राण्याच्या दोन सवयी पुरत्या कळायला हव्यात. पहिली म्हणजे तो झाडावरचा प्राणी आहे. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यामुळे दोन राईंच्या मध्ये पन्नास मीटरांची मोकळी पट्टी पडली तर तुमच्या-माझ्यासाठी ती पायवाट असते, त्याच्यासाठी नदी. दुसरी सवय म्हणजे त्याचं हळू वाढणं. मादीला पहिलं पिल्लू साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर होतं आणि पुढे अडीच-तीन वर्षांनी एक. वीसच्या टोळीतल्या दोन माद्या शिकारीत किंवा रस्त्यावर गेल्या तर ते नुकसान भरून यायला कित्येक वर्षं लागतात. कर्नाटकात अनेक ठिकाणी शिकारीमुळेच ही माकडं संपली. उरलेली जिथे आहेत, तिथे एकेक मादी मोलाची आहे.

गावात बोलताना आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा. बागेतली केळी आणि सुपारी विस्कटणारं माकड बहुतेक वेळा लाल तोंडाचं साधं माकड असतं, नाहीतर लांब शेपटीचं वानर. सिंगळीक घनदाट रानातला, लाजाळू. पण राग आला की लोक सगळ्यांना एकाच काठीने झोडतात. पहिल्या बैठकीत तिघांचे मोठे फोटो शेजारी ठेवा आणि कुठलं माकड कुणाच्या बागेत येतं ते लोकांनाच दाखवू द्या. निम्मा विरोध तिथेच सैल होतो. उरलेला विरोध खरा असतो, तो ऐकून घ्या. पिकाचं नुकसान होणाऱ्याला भरपाईचा अर्ज भरायला मदत केलीत तर तो पुढे तुमच्या बाजूने बोलेल.

मोजणी: गावातल्याच माणसांनी

बाहेरून तज्ज्ञ बोलवा, जरूर बोलवा, पण मोजणी करणारे हात गावातले हवेत. वेत, मध, फळं यांच्यासाठी जे रोज रानात जातात, त्यांना टोळी कुठे झोपते आणि सकाळी कुठल्या झाडावर येते हे आधीच ठाऊक असतं. त्यांना दिवसाची मजुरी द्या. फुकट काम मागितलं तर पहिल्या दिवशी वीस माणसं येतील आणि तिसऱ्या दिवशी दोन.

पद्धत सोपी ठेवा. रानाचे भाग पाडा, प्रत्येक भागाला दोघांची जोडी. सगळ्या जोड्यांनी एकाच दिवशी, उजाडताच निघायचं. नाहीतर एकच टोळी सकाळी एका भागात आणि दुपारी दुसऱ्या भागात मोजली जाते. टोळीतल्या मोठ्या नराची हाक लांबवर जाते, ती ऐकून दिशा धरायची. माकडं दिसली की थांबायचं, बसायचं, त्यांना एका फटीतून पलीकडे जाऊ द्यायचं आणि ती जाताना मोजायची. फांद्यांत पसरलेली टोळी मोजायला गेलात तर आकडा दर वेळी वेगळा येतो. लागोपाठ तीन दिवस मोजून सर्वांत मोठा खात्रीचा आकडा धरा.

वहीत एवढंच हवं: तारीख, वेळ, जागा, एकूण किती, मोठे नर किती, पोटाशी पिल्लू असलेल्या माद्या किती आणि त्या वेळी कुठल्या झाडावर काय खात होती. हा शेवटचा रकाना लोक टाळतात. पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहणार आहे, म्हणून तो भरून घ्याच.

जागांचे तपशील आणि फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ते कुठे कुठे फिरतील याचा भरवसा नाही. वहीची एक प्रत वन समितीकडे, एक वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात, बस.

झाडांचं पंचांग

वर्षभराच्या नोंदी झाल्या की एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा. वरच्या ओळीत माकड काय खातं, खालच्या ओळीत गाव काय गोळा करतं. उत्तर कन्नडात हा कागद भरला की पावसाळ्याच्या रकान्यात दोन्ही ओळींत एकच नाव दिसतं: उप्पगे. तशीच रामपत्री. रानजायफळाच्या बीवरचं ते लाल वेष्टन आपल्याकडच्या मसाल्याच्या दुकानातही मिळतं. रानात मात्र ते माकडाचंही खाणं आहे. उंबर-वडाच्या कुळातली झाडं, फणस, पटफणस, जांभळाची रानटी भावंडं, भेरली माड ही बाकीची महत्त्वाची नावं. फळांखेरीज हे माकड साली-पानांतून किडे शोधण्यात बराच वेळ घालवतं, म्हणून जुनी, ढोल्या पडलेली, शेवाळलेली झाडंही यादीत हवीत. लाकडाच्या हिशेबात ती निरुपयोगी असतात आणि म्हणून सर्वांत आधी जातात.

वड-उंबराच्या कुळाला वेगळी खूण करा. बाकी रानात फळ नसतं तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं. असं एक झाड पडलं तर टोळीचा सबंध महिना कोरडा जाऊ शकतो.

हा कागद देवळात किंवा शाळेच्या भिंतीवर लावा. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असेल तर त्यातही चढवा. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एखाद्या संस्थेने घाईत भरून कपाटात ठेवलेली असते. तिला जिवंत करायची ही चांगली संधी आहे.

तारीख ठरवायची बैठक

मी पाहिलेल्या बैठका फसल्या त्या एकाच कारणाने: ज्यांनी तोडणी करायची तेच बैठकीत नव्हते. ग्रामपंचायतीच्या दिवाणखान्यात बागायतदार, शिक्षक, वनखात्याचे साहेब असे सगळे बसले, ठराव झाला, टाळ्या झाल्या. उप्पगे गोळा करणाऱ्या बाया आणि भूमिहीन कुटुंबं तेव्हा मजुरीला गेली होती. त्यांना ठराव कळला तो रानात अडवलं तेव्हा. त्या वर्षी त्या गावात पूर्वीपेक्षा लवकर तोडणी झाली, कारण बंदी येणार म्हणून सगळ्यांनी घाई केली.

तेव्हा क्रम उलटा धरा. आधी वाडीवाडीत जा, संध्याकाळी, काम संपल्यावर. विचारायचे प्रश्न असे: गेल्या वर्षी पहिलं फळ कधी तोडलं? का तोडलं? किती दिवस थांबला असतात तर पिवळं मिळालं असतं? हिरव्या सालीला व्यापारी किती देतो, पिवळ्याला किती? थांबायला कशाची भीती वाटते? जवळजवळ सगळीकडे भीती एकच निघते: दुसरा नेईल. ती खरी भीती आहे. तिला प्रबोधनाने उत्तर देता येत नाही, कारण एकट्याने थांबणारा खरंच रिकाम्या हाताने परततो. उत्तर एकच: सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करायचं.

मग शेजारच्या गावांना घ्या. एका गावाने थांबायचं आणि पलीकडच्याने थांबायचं नाही, हे एक मोसमही टिकत नाही. एका दरीला तोंड असलेली सगळी गावं एका बैठकीत हवीत. काही भागांत गौण वनउपज गोळा करण्याचा लिलाव होतो आणि ठेकेदार बाहेरची माणसं आणतो. तसं असेल तर वनखात्याशी आणि ठेकेदाराशी बोलल्याशिवाय तारखेला अर्थ नाही. व्यापाऱ्यालाही बोलवा. तारखेआधी आणलेली साल घेणार नाही असं त्याने सर्वांसमोर सांगितलं, तर पहाऱ्याची अर्धी गरज उरत नाही.

निर्णय मतदानाने करू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा पायंडा पाडला, तो इथे फार उपयोगी पडतो. बहुमताने ठरलेली तारीख हरलेली वाडी पाळत नाही. एकमत होईपर्यंत बसा. नाही झालं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा.

तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा ठरलेला दिवस असावा असंही नाही. पाऊस मागेपुढे होतो, फळही मागेपुढे पिकतं. वेगवेगळ्या उंचीवरची दहा झाडं खुणेची म्हणून निवडा. त्यांतल्या निम्म्यांवर पिवळी फळं दिसली, खाली पडायला लागली, की चार जाणत्या माणसांनी जाऊन पाहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून तोडणी खुली. हे काम गावातल्या वयस्क बायकांना द्यावं असं माझं मत आहे. सालीचा रंग आणि वजन त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि त्यांच्या शब्दाला वाडीत कुणी उलट बोलत नाही.

तारखेसोबतचे नियम थोडे आणि मोजता येण्यासारखे ठेवा. फांदी तोडायची नाही. झाडावर चढून किंवा आकडीने पिवळं तेवढं उतरवायचं, खाली पडलेलं वेचायचं. दर पाच-सहा झाडांमागे एक झाड हात न लावता सोडायचं. त्याच्या खोडाला रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे वाद होत नाही. शेंड्याकडची फळं, जिथे माणसाने चढणं तसंही धोक्याचं असतं, ती माकडाची. साल काढून झाली की बिया चुलीजवळ फेकून न देता काही परत रानात टाकायच्या. उप्पगेत नर झाडंही असतात. फळ देत नाहीत म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड चालते. कोकमाच्या बागा लावणाऱ्या माणसाला नर झाड गेल्यावर काय होतं ते सांगायला नको.

दंड ठेवा, पण पैशाचा दंड गरिबालाच लागतो. त्यापेक्षा रोपवाटिकेत चार दिवस काम, असा दंड लोक मान्य करतात. आणि तो सगळ्यांना सारखा हवा, सरपंचाच्या पुतण्यालाही.

साल वाळवण्याचा धूर

ही बाब बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पावसाळ्यात उन्हं नसतात, म्हणून उप्पगेची साल धुरावर वाळवतात. घरामागे पडवी, तिच्यात माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बांबूच्या कामट्यांची मांडणी, तिच्यावर चिरलेल्या साली पसरलेल्या, खाली रात्रंदिवस धुमसणारं लाकूड. पिवळी साल आधी तपकिरी होते, मग चिवट काळी. आत शिरलं की डोळ्यांतून पाणी येतं. बायका दर थोड्या वेळाने साली उलटायला त्या धुरात जातात. बाहेर भिंतीला लावलेला लाकडाचा ढीग बघितला की कळतं, फळ वाचवायच्या नादात आपण झाडाचा हिशेब विसरलो होतो.

१९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या औषधांसाठी या सालीतल्या आम्लाला परदेशातून मागणी आली, तोडणी वाढली आणि धुरासाठीचं लाकूडही. म्हणून तारखेनंतरची दुसरी पायरी सुधारित ड्रायरची. बंद कपाटासारखा, खाली बंदिस्त चूल, वर जाळीचे ट्रे, धूर बाहेर काढणारं नळकांडं. लाकूड कमी लागतं, साल धुरकट होत नाही, तिला दर बरा येतो. घरोघरी देण्यापेक्षा पाच-सहा घरांत एक असा द्या आणि बचत गटाच्या नावावर करा. नादुरुस्त झाला तर कोण दुरुस्त करणार हे देतानाच ठरवा. जाळी गंजलेले, गोठ्यात पडलेले ड्रायर मी पाहिलेत.

पिकलेली, जड, धुराचा वास नसलेली साल गटाने एकत्र विकली तर थांबण्याची किंमत वसूल होते. तसं झालं नाही तर दुसऱ्या वर्षी तारीख कुणी पाळणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नसेल. पहिल्या वर्षीच वजनाचा आणि दराचा हिशेब ठेवून तो सर्वांसमोर वाचा. बांधावर उप्पगेची कलमं लावणाऱ्याला रोपं द्या. रानावरचा भार पुढे कमी होतो.

तुटलेलं छत जोडणं

आता नकाशा काढा. टोळ्यांच्या जागा आणि राईंचे तुकडे त्यावर मांडले की तुटलेल्या जागा दिसतात: रस्ता, विजेची तार, जुनी तोड, अकेशियाची लागवड. उत्तर कन्नडात सुपारीच्या बागांना लागून सोप्पिन बेट्टा असतात, म्हणजे पालापाचोळ्याच्या खतासाठी बागायतदारांना वापरायला दिलेलं रान. ते एकरभर बागेमागे नऊ एकरांपर्यंत असू शकतं. दोन दाट राईंना जोडणारा दुवा बरेचदा हाच असतो, आणि दरवर्षी फांद्या छाटल्याने तो विरळ झालेला असतो. बागायतदाराला बेट्टा सोडा म्हणू नका. फक्त जोडणाऱ्या पट्ट्यातल्या झाडांचे शेंडे सोडा, पालापाचोळा बाकीच्या भागातून घ्या, एवढंच म्हणा. बहुतेक जण ऐकतात.

लागवडीला पंचांगातलीच झाडं घ्या, त्याच रानातल्या बियांपासून, गावातल्या रोपवाटिकेत वाढवलेली. पहिल्या दोन-तीन वर्षांत गुरं आणि वणवा यांपासून राखणं हे लावण्यापेक्षा मोठं काम आहे. दहा हजार रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा पाचशे रोपं राखून दाखवा.

ओढ्याकाठच्या जायफळकुळीच्या दलदली ही वेगळीच ठेव आहे. सिद्दापूर-होन्नावरच्या बाजूला कत्तलेकान म्हणून रान आहे. तिथे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आणि खांबासारखी आधारमुळं दिसतात. असल्या दलदली आता फार थोड्या उरल्या आहेत. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेची राई आणि गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय याच जातीच्या. दोन्ही देवाच्या नावाने राखल्या गेल्या म्हणूनच टिकल्या. अशा जागी एकच नियम: वरून येणारं पाणी वळवायचं नाही. बागेसाठी पाट काढला की दलदल वरून हिरवीच दिसते; खाली नवी रोपं उगवणं मात्र थांबतं, आणि ते ध्यानात यायला पिढी जाते.

रस्ता असेल तर तमिळनाडूतल्या वालपराईकडे बघा. तिथल्या पुदुतोट्टम या चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या, शंभर हेक्टरांपेक्षा लहान तुकड्यात सिंहपुच्छ माकडं राहतात आणि रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येत. तिथे दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधून रस्त्यावरून झुलते पूल टाकले गेले आणि माकडं ते वापरू लागली. पूल बांधताना जागा मोजणीच्या वहीतून निवडा, माणसाला सोयीची म्हणून नको. विजेच्या उघड्या तारांवर आवरण घालण्यासाठी वीज मंडळाला गावाचा ठराव आणि वहीतल्या नोंदी एकत्र जोडून पत्र द्या. नुसत्या विनंतीपेक्षा नोंदीला वजन असतं.

खाऊ घालू नका, मेलेल्या माकडाला हात लावू नका

पुदुतोट्टमचा दुसरा धडा कडू आहे. रान तोकडं आणि माणूस जवळ, त्यामुळे तिथली माकडं घरांत आणि कचऱ्यात खाणं शोधायला शिकली. झाडावरचा लाजाळू प्राणी एकदा रस्त्यावर केळं घ्यायला उतरला की त्याला परत वर पाठवणं फार अवघड जातं. पर्यटक थांबतात त्या प्रत्येक वळणावर कानडीत आणि मराठीत पाटी हवी. कारवार-शिरसीच्या बाजूला गोवा-महाराष्ट्राच्या गाड्या खूप येतात. कचरापेटीला झाकण हवं. आणि पाटीपेक्षा वळणावरच्या चहावाल्याने हटकणं जास्त कामाला येतं, म्हणून त्याला आधी विश्वासात घ्या.

रानात जाणाऱ्या प्रत्येकाला माकडतापाबद्दल सांगा. हा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही त्याने माणसं घेतली आहेत. तो गोचिडीतून पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात. वानरं आणि लाल तोंडाची माकडं त्याने मरतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, ओढून टाकायचं नाही. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. मोजणीला जाताना अंगभर कपडे, उघड्या त्वचेवर आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीड दूर ठेवणारं तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. ताप आला तर डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे आपणहून सांगायचं. ही काळजी घेतली नाही आणि गावात एक जण दगावला, तर दोष माकडाच्या माथी येतो आणि दहा वर्षांचं काम एका दिवसात बुडतं.

कागद आधी, कौतुक नंतर

काम चांगलं चाललं की बाहेरचे लोक येतात, आणि मग जंगलाला कुठलं नाव द्यायचं याची चर्चा सुरू होते. त्याआधी गावाचे हक्क कागदावर असले पाहिजेत. आसामातल्या बोंगाईगाव जिल्ह्यातलं काकोईजाना हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या गावांनी सोनेरी वानरासाठी १९९० च्या दशकापासून उजाड झालेलं रान राखलं. झाडांचं छत पाच टक्क्यांहून कमी होतं, ते सत्तरच्या वर गेलं. पुढे सरकारने तिथे अभयारण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा विरोध केला तो याच गावांनी. आपण राखलेल्या जंगलात आपलीच ये-जा बंद होईल अशी त्यांना भीती होती आणि त्यांनी वनहक्क कायद्याखाली हक्क मागितले.

अघनाशिनीतही अशीच वाट आहे. २०११ मध्ये इथे सिंहपुच्छ माकडासाठी सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. वन्यजीव कायद्यातल्या या प्रकारात लोकांच्या हक्कांना धक्का लागत नाही आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. २०१९ मध्ये हे क्षेत्र शरावती खोऱ्याच्या अभयारण्याला जोडून ९३० चौरस किलोमीटरचं सिंहपुच्छ माकड अभयारण्य झालं. माकडासाठी मोठा सलग पट्टा मिळाला, हे चांगलंच. पण अभयारण्य म्हटलं की गौण वनउपजाचे नियम कडक होतात. ज्या वाडीचा हक्क कागदावर नाही तिची उप्पगे एका अधिसूचनेने बेकायदा ठरू शकते.

म्हणून मोजणीच्या पहिल्याच वर्षी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा दावा, म्हणजे गावाच्या पारंपरिक जंगलावर ग्रामसभेचा हक्क मागणारा अर्ज, तयार करायला घ्या. ग्रामसभा बोलवा, वनहक्क समिती निवडा. गणपूर्तीला निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया लागतात. पुरावा म्हणून जुने नकाशे, देवराईच्या नोंदी, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. तुम्ही भरलेलं झाडांचं पंचांगही जोडा. गाव कुठून काय घेतं याचा त्याहून चांगला कागद सापडणार नाही. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. उत्तर कन्नडात याच मुद्द्यावर बरेच दावे फेटाळले गेले, म्हणून शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, देवळाच्या वर्गणीच्या वह्या आजपासून शोधायला लागा. फेटाळलेल्या दाव्याविरुद्ध अपील करता येतं. मुदत चुकवू नका.

खासगी किंवा गावकीच्या मालकीच्या राईसाठी त्याच वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय आहे. मालक स्वतः पुढे आले तरच ते करा.

दरवर्षी दिवाळीनंतर

तोडणी संपली, साल विकली गेली, की एक दिवस सगळ्यांनी बसायचं. वही उघडायची. किती साल निघाली, काय दर मिळाला, किती झाडं पट्टा ओढून सोडली होती आणि त्यांतल्या किती झाडांवर खरंच कुणी हात लावला नाही. नियम मोडला असेल तर का मोडला, हे रागावल्याशिवाय विचारायचं. पहिल्या वर्षी तारीख आठवड्याने चुकेल, दुसऱ्या वर्षी एखादी वाडी बाहेर पडेल. तिला परत आणायला पुन्हा संध्याकाळी तिच्या अंगणात जाऊन बसावं लागेल.

माकडांचा एकूण आकडा दरवर्षी बघून हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. इतक्या हळू वाढणाऱ्या प्राण्याचा आकडा वर्षाला फारसा हलत नाही. बघायचा तो पोटाशी पिल्लू असलेल्या माद्यांचा रकाना. नवं पिल्लू आयाळ नसलेलं, आईच्या पोटाला घट्ट धरलेलं असतं; दुर्बिणीतून ओळखता येतं. एखाद्या टोळीत लागोपाठ तीन वर्षं तो रकाना रिकामा राहिला, तर त्या टोळीच्या भागात जाऊन पंचांगातली झाडं एकेक करून तपासा. सुरुवात वडा-उंबरांपासून करा.

आणि बैठक उठायच्या आधी पुढच्या मोसमासाठी खुणेची दहा झाडं पाहून यायला कोण जाणार, त्या चार बायांची नावं वहीत लिहून घ्या.